चघळायच्या गोळीतले जंतुनाशक आणि घशाची खरी तक्रार

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात साठच्या वर मुले, दिवसाला सहा तासिका आणि खडू-फळा, असे काम. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून घसा सारखा खवखवतो आणि संध्याकाळपर्यंत आवाज बसतो. मेडिकलमधून आणलेल्या घशाच्या लाल गोळ्या दिवसाला सात-आठ चघळते. त्याने बरे वाटते. वेष्टनावर ‘डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल’ आणि ‘अमायलमेटाक्रेसॉल’ अशी नावे वाचली. माझे सासरे माळकरी आहेत. त्यांना मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. त्यांनाही महिनाभर घशात खाजून कोरडा खोकला येतो, म्हणून हीच गोळी देत होते. पण ‘अल्कोहोल’ हा शब्द ऐकल्यावर त्यांनी ती तोंडात घ्यायचे सोडले. अकरा वर्षांच्या मुलीचा घसा वरचेवर सुजतो, आणि ताईचे पाहून पाच वर्षांचा धाकटाही गोळी मागतो. या जंतुनाशकाने घशातील संसर्ग खरोखर बरा होतो का? रोज घेतले तर अपाय होतो का? आणि कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये?

उत्तर

सासऱ्यांची माळ सुरक्षित आहे, हे आधी सांगते, कारण घरातला तंटा त्याने लगेच मिटेल. रसायनशास्त्रात ‘अल्कोहोल’ हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. मद्यातील इथेनॉल हा त्या कुळातील केवळ एक सदस्य. ग्लिसरीन त्याच कुळातले, पुदिन्याच्या अर्कातील मेंथॉलही त्याच कुळातले, आणि त्या दोघांनी कोणाला कधी झिंग आल्याचे ऐकिवात नाही. डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल हा पांढरा स्फटिकरूप पदार्थ असून तो पाण्यात फारसा विरघळत नाही, आणि एका गोळीत तो साधारण १.२ मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न सापडणारा, इतकाच असतो. काही कंपन्या स्वाद मिसळण्यासाठी इतर द्रव वापरतात. त्याविषयी शंका असेल तर वेष्टनावरील ‘इतर घटक’ वाचावेत, परंतु मुख्य औषधाच्या नावामुळे व्रतभंग होतो असे मानण्याचे कारण नाही. सासऱ्यांना ही गोळी देताना खरा अडथळा साखरेचा आहे. त्याकडे पुढे येते.

दुसरे नाव, अमायलमेटाक्रेसॉल, अधिक रोचक आहे, कारण त्यामागे शस्त्रक्रियेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आहे. ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये जखमेवर कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, वापरून पाहिले आणि १८६७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. त्या काळी हाड मोडून जखम उघडी पडली की ती सडून रुग्ण दगावणे किंवा त्याचा अवयव कापावा लागणे ही नित्याची गोष्ट होती, आणि कार्बोलिकमुळे ती कमी झाली. मात्र फिनॉल जंतूंना मारतो तसा त्वचेलाही जाळतो. त्यामुळे पुढच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांनी त्याचे भाऊबंद तपासले. लाल कार्बोलिक साबणाचा किंवा जुन्या इस्पितळातील फरशीचा तो उग्र वास ज्यांना आठवतो, त्यांना क्रेसॉल या भाऊबंदाची ओळख आहेच. याच क्रेसॉलच्या कड्याला पाच कार्बन अणूंची लांब शेपटी जोडली की अमायलमेटाक्रेसॉल तयार होते. शेपटीमुळे हा रेणू मेदात सहज मिसळतो, आणि जिवाणूच्या पेशीचे आवरण मेदाचेच असल्यामुळे तो त्यात घुसून आवरण विस्कळीत करतो. मग पेशीतील क्षार बाहेर गळतात, आतील प्रथिने बिघडतात आणि जिवाणू निकामी होतो. परिणाम मोठा आणि मात्रा अत्यल्प, त्यामुळे तोंडात ठेवण्याजोगे औषध बनवणे शक्य झाले. गोळीतील त्याचे प्रमाण अवघे ०.६ मिलिग्रॅम असते. हे दोन पदार्थ एकत्र असलेली, आज जगभर ‘स्ट्रेप्सिल्स’ या नावाने विकली जाणारी गोळी इंग्लंडमधील बूट्स कंपनीने १९५८ मध्ये बाजारात आणली. आता ती रेकिट कंपनीकडे आहे. हाच संयोग इतर नावांनीही मिळतो, त्यामुळे नावापेक्षा घटक वाचण्याची तुमची सवय योग्य आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न: संसर्ग बरा होतो का? प्रयोगशाळेत या दोन पदार्थांनी घशातील अनेक जिवाणू मरतात, हे खरे आहे. मेदाचे आवरण असलेले काही विषाणूही, उदाहरणार्थ इन्फ्लुएन्झाचा, त्यांच्या संपर्कात निष्प्रभ होतात. पण सर्दीला बहुतेक वेळा कारणीभूत असलेल्या रायनोव्हायरसला असे आवरणच नसते, त्यामुळे त्याच्यावर त्यांचा प्रभाव पडत नाही. आणि काचेच्या नळीतली परिस्थिती घशात नसते. नळीत औषध आणि जंतू एकाच जागी निवांत राहतात. तोंडात मात्र गोळी ठेवताच लाळ सुटते. गोळी विरघळायला सात-आठ मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात सहज पंधरा-वीस मिलिलिटर लाळ तयार होते, आणि त्यात दोन्ही औषधे मिळून दोन मिलिग्रॅमसुद्धा नसतात. ही पातळ झालेली लाळ घशाच्या भिंतीवरून ओघळत जाते आणि काही क्षणांत गिळली जाते. संसर्ग झालेला असतो तो श्लेष्मल त्वचेच्या आत, टॉन्सिलच्या खोल खाचांत आणि पेशींच्या पोटात. तिथवर हे औषध पोहोचत नाही. पृष्ठभागावरील जंतूंची संख्या थोडा वेळ घटते, इतकेच फार तर म्हणता येईल. गोळ्यांमुळे आजार लवकर आटोपतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

मग बरे का वाटते? तो केवळ मनाचा खेळ नाही. अमायलमेटाक्रेसॉल मज्जातंतूंमधील सोडियमचे मार्ग अडवते, आणि दातांच्या दवाखान्यात सुन्न करण्यासाठी वापरले जाणारे लिडोकेनही मूलतः हेच करते. गोळीचा परिणाम त्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, परंतु दुखण्याचा संदेश थोडा मंदावतो. औषध असलेल्या आणि औषध नसलेल्या सारख्याच दिसणाऱ्या गोळ्या रुग्णांना देऊन केलेल्या चाचण्यांत, औषधाच्या गोळीने काही मिनिटांत आराम वाटू लागला आणि तो सुमारे दोन तास टिकला, असे दिसले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की त्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही काही प्रमाणात आराम पडला होता, कारण काहीही चघळले की लाळ सुटते, कोरडा घसा ओला होतो आणि गिळणे सोपे जाते. थोडक्यात, ही वेदनेवरची गोळी आहे, आणि जंतुनाशक हा तिचा दुय्यम गुण. दुखऱ्या घशावर तात्पुरता उतारा म्हणून ती घेण्यात मला काही वावगे वाटत नाही. घशाचे साधे विषाणूजन्य दुखणे आठवड्याभरात आपोआप जाते आणि ते दिवस सुसह्य होणे यालाही मोल आहे. उलट, अशा दुखण्यासाठी मेडिकलवाल्याकडून परस्पर अँटिबायोटिकच्या चार कॅप्सूल घेऊन येण्याची जी पद्धत आपल्याकडे रुळली आहे, तिच्यापेक्षा गोळी चघळणे कितीतरी शहाणपणाचे.

तुमची गोष्ट मात्र वेगळी आहे. तुम्हाला चार दिवसांचे दुखणे नाही, जूनपासूनचे आहे, आणि त्यात आवाज बसतो, ही मुख्य तक्रार. स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तोंडाशी असते. आपण जे काही गिळतो ते तिथे जाऊ नये, अशीच शरीराची रचना आहे. घास किंवा लाळ गिळताना स्वरयंत्राचे झाकण मिटते आणि सर्व काही मागच्या अन्ननलिकेत उतरते. चुकून थेंब आत गेला तर ठसका लागतो. म्हणजे तुम्ही दिवसाला आठ गोळ्या चघळल्या, तरी त्यांतील औषध तुमच्या स्वरतंतूंना स्पर्शही करत नाही. मऊ पडतो तो वरचा घसा. खाली ताण सोसणारे तंतू तसेच राहतात, आणि वर बधिरता आल्यामुळे आपण आणखी मोठ्याने बोलत राहतो. शिक्षक, कीर्तनकार, भाजीवाले, निवेदक या सर्वांच्या बाबतीत मला या गोळीचा हाच खरा अपाय वाटतो. रसायनापेक्षा हा अपाय मोठा आहे.

रोज दीर्घकाळ घेण्याविषयी म्हणाल, तर ही गोळी तशा वापरासाठी नाहीच. सामान्यतः दर दोन-तीन तासांनी एक, आणि दिवसाची कमाल मर्यादा वेष्टनावर छापलेली असेल तीच. तीन दिवसांत फरक न पडल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा, असेही बहुतेक पाकिटांवर लिहिलेले असते. महिनोन्महिने जंतुनाशक चघळत राहिल्यास तोंडातील निरुपद्रवी जिवाणूंचा समतोल बिघडू शकतो आणि काहींची जीभ हुळहुळते. दातांचे नुकसान तर उघडच आहे: साखरेची गोळी दिवसभर गालात घोळत राहणे म्हणजे दात किडवणाऱ्या जिवाणूंना अखंड खुराक. घ्यायचीच असेल तेव्हा ती एकाच गालात दाबून ठेवू नका, तोंडात फिरवत राहा. चावून खाऊ नका. आणि विरघळल्यावर पंधरा-वीस मिनिटे चहा-पाणी टाळा, नाहीतर जे थोडे औषध घशावर उरले आहे तेही धुऊन जाईल. झोपताना तोंडात गोळी ठेवून पडू नये, हे सांगायची गरज नसावी, पण पत्रांवरून असे दिसते की पुष्कळजण तसे करतात.

आता सासऱ्यांकडे वळते. साखर असलेली एक गोळी सुमारे अडीच ग्रॅमची असते आणि तिचा जवळजवळ सगळा भार साखर व ग्लुकोजचा असतो. आठ गोळ्या म्हणजे वीस ग्रॅम, चहाचे चार चमचे साखर, आणि तीही जेवणाच्या हिशेबात न धरलेली. मधुमेह्यांसाठी साखरविरहित प्रकार मिळतो. त्यात आयसोमाल्ट किंवा माल्टिटॉल असते, जे रक्तातील साखर कमी प्रमाणात वाढवते, पण जास्त खाल्ल्यास पोट फुगते आणि जुलाब होतात. खडीसाखर आणि मध यांना ‘नैसर्गिक’ म्हणून मधुमेहात सूट नाही, हे जाता जाता नमूद करते. ज्येष्ठमधाची काडी चघळण्याचा घरगुती उपाय चांगला असला तरी रक्तदाबाच्या रुग्णाने तो रोज करू नये. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो.

परंतु माझ्या मते त्यांना गोळीची गरजच नसण्याची शक्यता आहे. महिनाभर कोरडा खोकला, घशात खाज, आणि रक्तदाबाचे औषध चालू, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की औषधांची चिठ्ठी पाहावी. एनालाप्रिल, रामिप्रिल, लिसिनोप्रिल अशी ‘प्रिल’ने संपणारी नावे त्यात असतील, तर त्या औषधांचा हा अगदी परिचित दुष्परिणाम आहे. तो कोणत्याही चघळायच्या गोळीने थांबत नाही. डॉक्टर औषध बदलून देतात आणि खोकला साधारणतः काही आठवड्यांत जातो. गोळ्या मनाने बंद मात्र करू नयेत. चिठ्ठीत असे औषध नसेल, तर इतका लांबलेला खोकला म्हणून छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. मधुमेहात त्याचा धोका वाढतो.

धाकट्याला ही गोळी देऊ नका. सहा वर्षांखालील मुलांसाठी ती नाही, याचे प्रमुख कारण औषध नसून आकार आहे: गुळगुळीत, कडक गोळी हसता-खेळता श्वासनलिकेत अडकू शकते. गोळ्यांची पट्टी दप्तराच्या कप्प्यात किंवा फ्रिजवर न ठेवता त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. लाल, गोड आणि ताईला मिळते ते आपल्यालाही हवे, या वयात इतके कारण पुरते.

मुलीविषयी मी अधिक सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर ओळ तीच आहे आणि ती तुम्ही ओझरती लिहिली आहे. पाच ते पंधरा या वयात घसादुखीच्या मागे ‘गट अ स्ट्रेप्टोकोकस’ हा जिवाणू असण्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असते. गोळीच्या प्रसिद्ध नावात त्याची छटा असली, तरी गोळी त्याच्यावरचा इलाज नाही. हा संसर्ग कित्येकदा स्वतःहून शमतो, पण काही मुलांमध्ये त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक ताप येतो: सांधे आळीपाळीने सुजतात, आणि सांध्यांची सूज विनातक्रार गेली तरी हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. आपल्या देशात तरुण वयात झडपेची शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या अनेकांच्या आजाराचे मूळ लहानपणीच्या अशा दुर्लक्षित घसादुखीत असते. हे टाळता येते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तर रुमॅटिक तापाला अटकाव होतो. तोंडाने घ्यायचे असेल तर ते पूर्ण दहा दिवस घ्यायचे, तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून सोडायचे नाही.

ओळखायचे कसे? खोकला आणि नाक गळणे असेल तर बहुधा विषाणू. अचानक ताप, खोकला नाही, टॉन्सिल लाल व त्यांवर पांढरे-पिवळे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी, असे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकदा उजेडात, चमच्याच्या दांड्याने जीभ हलकेच दाबून तिचा घसा पाहायची सवय करून घ्या. राखाडी रंगाचा, चिकटून बसलेला पापुद्रा दिसला तर घटसर्पाची शंका घ्यायची असते. तो आजार लसीकरणामुळे कमी झाला आहे, संपलेला नाही. लाळ गिळता न येणे, तोंड पुरते न उघडणे, श्वास घेताना घरघर होणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. मुलीचा घसा वर्षातून किती वेळा, किती ताप येऊन सुजला, याची तारखांसह एक वही ठेवा. टॉन्सिल काढायचे की नाही हा निर्णय तज्ज्ञ त्याच नोंदीवरून घेतात. दुखण्यासाठी तिला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या, आणि हवी असल्यास एखादी गोळी, अवश्य द्या. पण तपासणीच्या जागी नव्हे.

तुमच्या घरात तसे कोणी असल्याचे पत्रात नाही, तरी इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल, किंवा सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या व्यक्तीचा घसा दुखून ताप आला, तर गोळ्या चघळत बसू नये. या औषधांमुळे क्वचित पांढऱ्या रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात आणि घसादुखी ही त्याची पहिली खूण असू शकते. त्याच दिवशी रक्ततपासणी करावी लागते.

खरेदी करताना वेष्टन उलटून पाहावे. अन्न परवान्याची खूण असेल तर ती मिठाई आहे, थंडाव्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा नको; ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापलेले असेल तर त्यात बहुधा मेंथॉल, निलगिरी वगैरेंचे अर्क असतात; आणि वर सांगितलेली दोन नावे मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असतील तर ती जंतुनाशक गोळी. फ्लर्बिप्रोफेन ८.७५ मिलिग्रॅम असे दिसले, तर ते वेदनाशामक आहे. पोटात अल्सर असलेल्यांनी, दमेकऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

शेवटी तुमच्या आवाजाबद्दल. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसत असेल तर स्वरतंतू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कारण कळत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ बारीक दुर्बिणीने काही मिनिटांत ते पाहतात. जिल्हा रुग्णालयातही ही तपासणी करून मिळते. शिक्षकांमध्ये बहुतेक वेळा अतिवापराने आलेल्या लहान गाठी निघतात, आणि त्यांवर पहिला उपचार शस्त्रक्रिया नसून स्वरोपचार, म्हणजे श्वास आणि आवाज यांचा योग्य वापर शिकणे, हा असतो. जळजळ, आंबट ढेकर असा त्रास असेल तर तोही सांगा. रात्री वर चढणाऱ्या आम्लाने सकाळी घसा खवखवतो, आणि मेंथॉलच्या गोळ्यांनी हा प्रकार वाढतो, कारण अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला मेंथॉल सैल करते. तोपर्यंत घसा खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या, पाण्याची बाटली वर्गात टेबलावरच ठेवा, फळा ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि मागच्या बाकापर्यंत ओरडून पोहोचण्यापेक्षा वाचनाचे, उत्तरे सांगण्याचे काम मुलांकडे द्या. मुख्याध्यापकांकडे एका लहान ध्वनिक्षेपकाची मागणी लेखी करा. गळ्यात अडकवायचा मिळतो, आणि वर्षभराच्या गोळ्यांचा खर्च मांडून दाखवलात तर ती मागणी अवाजवी वाटणार नाही. दुर्बिणीची तपासणी मात्र दिवाळीच्या सुट्टीवर ढकलू नका. याच आठवड्यात वेळ घ्या.